दुपारी भात, रात्री बचाता

मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला इनवुड नावाची वस्ती आहे. तिथला डाइकमन स्ट्रीट दोन टेकड्यांमधून वाट काढत पश्चिमेला हडसन नदीपर्यंत जातो. ब्रॉडवे ओलांडल्यावर त्याच्या कडेने डोमिनिकन, म्हणजे कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकहून आलेल्या लोकांची, हॉटेले एकमेकांना खेटून उभी आहेत आणि शनिवारी मध्यरात्री इथे खिडक्यांच्या काचा थरथरतात, अशी या रस्त्याची शहरभर ख्याती आहे. त्यांपैकीच एका हॉटेलाच्या बाहेर, फुटपाथवर मांडलेल्या टेबलाशी मी बहुतेक रविवारी दुपारचे जेवण घेतो. आदल्या रात्री याच ठिकाणी लोक बचाता या डोमिनिकन नाचगाण्यावर पहाटेपर्यंत नाचलेले असतात. रविवारी दुपारी मात्र शेजारच्या टेबलावर चर्चमधून आलेल्या आजी नातवाच्या गळ्यात रुमाल बांधत असतात आणि वाढणारी बाई त्यांना, मला आणि त्या नातवाला सारख्याच सहजपणे ‘मी आमोर’ म्हणजे ‘माझ्या राजा’ म्हणत असते.

ताटात येते ते डोमिनिकन लोकांचे रोजचे जेवण: पांढरा भात, लाल घेवड्याची दाटसर आमटी आणि रस्सा धरलेले मांस. या ताटाला ते ‘ला बांदेरा’, म्हणजे झेंडा, म्हणतात. भांड्याच्या तळाशी धरलेली भाताची खरपूस खरवड त्यांच्याकडे ‘कोन्कोन’ या नावाने मागून घेतली जाते आणि ती संपली असे कळले की घरच्यासारखेच चेहरे पडतात. मोफोंगो हवा असेल तर कच्ची केळी तळून, लसूण आणि डुकराच्या कुरकुरीत चरबीसह लाकडी खलबत्त्यात कुटतात. तो ठोका बाहेरपर्यंत ऐकू येतो. हात धुवायला आत गेलो की छताला आरशांचा गोळा लटकलेला दिसतो, डीजेच्या ओट्यावर कागदी रुमालांचे गठ्ठे रचलेले असतात आणि नाचायच्या मोकळ्या जागेत कोणाची तरी बाबागाडी लावलेली असते.

गेल्या महिन्यात असाच बसलो असताना पुण्यातल्या बाणेरहून दादाचा, म्हणजे माझ्या चुलत भावाचा, फोन आला. त्यांच्या सोसायटीतर्फे निवेदन जाणार होते: निवासी भागातील पब आणि रूफटॉप हॉटेले बंद करावीत, फ्रंट मार्जिनमधली, म्हणजे इमारतीपुढच्या मोकळ्या जागेतली, टेबले उचलावीत, हा धंदा वस्तीबाहेर न्यावा. मागे ताशांसारखा काहीतरी आवाज येत होता तो माझ्याकडचा होता, पण त्याला तो त्याच्याच खिडकीबाहेरचा वाटला आणि तो आणखी चिडला. ‘‘तुमच्या न्यूयॉर्कात घराखाली असलं चालवून घेतात का रे?’’ असे त्याने विचारले. मी घराखालीच, भर दुपारी, नाइट क्लबच्या दारात भात खात बसलो आहे, हे त्याला सांगायचा धीर मला झाला नाही.

दादाचा राग खोटा नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि बाणेर, बालेवाडी, कोरेगाव पार्क, मुंढवा इथल्या रहिवाशांना ती फक्त कागदावर भेटते. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला आणि मोटार चालवणारा अल्पवयीन मुलगा त्याआधी पबमध्ये होता हे समोर आले, तेव्हापासून तर या विषयावर शांतपणे बोलणेच अवघड झाले आहे. माझा मतभेद आहे तो ‘वस्तीबाहेर न्या’ या उपायाशी. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत रात्रभर हॉटेले उघडी ठेवण्याची मुभा देताना सरकारनेही मॉल आणि गिरण्यांची आवारे यांसारख्या बिगरनिवासी, बंदिस्त जागाच निवडल्या होत्या. आपल्याकडे परमिट रूम खाली आणि फॅमिली सेक्शन वर, अशी विभागणी एका इमारतीत आधीपासूनच होती. आता तीच आपण शहराच्या नकाशावर करू पाहत आहोत.

डाइकमन स्ट्रीटवर बसून मला जे दिसते ते असे, की ज्या जागेला दुपार असते तिला शेजारी असतात. इथल्या मालकाला रविवारी त्याच आजींना जेवू घालायचे असते ज्यांची झोप त्याने शनिवारी मोडलेली असते, आणि त्या आजी बिल देताना त्याला ते ऐकवतात. मी दोनदा ऐकले आहे, स्पॅनिश पुरती येत नसतानाही कळावे इतक्या स्पष्टपणे. रात्री दहाला उघडून पहाटे बंद होणाऱ्या, फक्त दूरवरून मोटारीने येणाऱ्यांसाठी चालवलेल्या जागेला असे कोणी बोलू शकत नाही. शिवाय क्लब वस्तीबाहेर गेला की परतीचा रस्ता लांबतो आणि तो प्यालेला माणूस मोटारीनेच कापतो. इथले बरेच जण चालत किंवा सबवेने घरी जातात.

अर्थात केवळ शेजारधर्मावर इथला कारभार चाललेला नाही. मद्यपरवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला आधी स्थानिक कम्युनिटी बोर्डाला, म्हणजे वस्तीच्या सल्लागार मंडळाला, कळवावे लागते आणि पाचशे फुटांच्या आत असे तीन किंवा अधिक परवाने आधीच असतील तर वेगळी सुनावणी होते. बोर्डाचे मत बंधनकारक नसते, पण त्या चर्चेतून अटी ठरतात: संगीत किती वाजता कमी करायचे, मागचे अंगण कधी बंद करायचे, दारात माणूस कोण ठेवायचा. आपल्याकडे दारूच्या दुकानाविरुद्ध मतदानाची तरतूद आहे आणि ‘आडवी बाटली’ने अनेक गावांत बायांनी दुकाने बंद करून दाखवली, याचा मला अभिमान आहे. मात्र त्या मतपत्रिकेवर बाटली एकतर उभी असते किंवा आडवी; अकरा वाजता आवाज कमी करा, असे सांगणारे तिसरे चित्र तिच्यावर नाही.

न्यूयॉर्क या बाबतीत शहाणे जन्मले, असेही नाही. १९२६ च्या कॅबरे कायद्याने परवाना नसलेल्या हॉटेलात गिऱ्हाइकांना नाचू देणे हाच गुन्हा ठरवला होता, आणि तो रद्द व्हायला २०१७ उजाडले. डान्सबारच्या प्रकरणात २००५ पासून २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आपण जी फरपट पाहिली, तिच्याकडे इथून नाक मुरडून पाहण्याचा अधिकार या शहराला नाही. इनवुडचे रहिवासीही आवाजाच्या तक्रारींसाठी ३११ हा क्रमांक फिरवून थकलेले आहेत. ओळखीचा तर तोटाही असतो: ज्याच्या हॉटेलात आपला भाचा नोकरीला आहे त्याच्याविरुद्ध फोन करायला हात उचलत नाही, आणि ही अडचण गणपतीत मंडळाच्या भिंतीएवढ्या स्पीकरशेजारी राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगायला नको. आगीपुढे तर शेजारधर्म काहीच करू शकत नाही. मार्च १९९० मध्ये ब्राँक्समधल्या विनापरवाना हॅपी लँड क्लबात ८७ माणसे मेली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतल्या कमला मिलच्या आवारात, म्हणजे वस्तीपासून वेगळ्या काढलेल्या आदर्श जागेत, १४ गेली. बाहेर पडायचा दुसरा दरवाजा मोकळा आहे की नाही, हे पाहायला अधिकारीच यावा लागतो, मग ती जागा आजींच्या ओळखीची असो वा नसो.

दादाला मी शेवटी लिहून कळवले, की निवेदनात ‘बंद करा’च्या जागी वेळा, दरवाजे आणि आवाजाचे आकडे घाला, आणि दुपारी त्यांपैकी एखाद्या ठिकाणी वहिनींना घेऊन जेवून या. त्यावर त्याने फक्त अंगठा पाठवला. तो पसंतीचा की निरोपाचा, हे मला अजून उमगलेले नाही.

मागच्या रविवारी निघायला मला साडेपाच वाजले. आजी गेल्या होत्या आणि वाढणारी बाई टेबलांवरची प्लास्टिकची आच्छादने गुंडाळत होती. रात्री दारात उभा राहणारा धिप्पाड गडी तेवढ्यात आला, काळा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवून माझ्या शेजारच्या टेबलाशी बसला आणि त्याने आत हाक मारून विचारले, कोन्कोन उरला आहे का.