सीट कव्हर बदललं म्हणून इंजिनाची वॉरंटी जात नाही

"बाहेरचा एक जरी पार्ट लावला तर गाडीची सगळी वॉरंटी रद्द. सीट कव्हरसुद्धा शोरूममधूनच घ्या. सर्व्हिसिंग पण तिथंच. कायदाच तसा आहे. आणि केए (कर्नाटक) पासिंगच्या गाडीला महाराष्ट्रात वॉरंटी लागत नाही. सर्वांना पाठवा."

पंधरा दिवसांत हा मजकूर मला चार ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपचा. म्हणजे दिवसभर गाड्यांच्याच कास्टिंगला बोअर मारायचे, आणि संध्याकाळी शोरूमच्या डब्यातला पार्ट जणू आकाशातून पडतो असं समजून मेसेज पुढं ढकलायचा. फिल्टर, बेअरिंग, ब्रेक पॅड असे कितीतरी पार्ट कार कंपनी स्वतः बनवतच नाही. बनवणारा तोच माल कधी कार कंपनीच्या खोक्यात घालतो, कधी स्वतःच्या नावाच्या खोक्यात. डुप्लिकेट माल ही गोष्ट वेगळी. तो खडेबाजारातही मिळतो आणि कोल्हापुरातही, आणि त्याची बाजू मी घेणार नाही.

मेसेजमधला पहिला खोटा शब्द आहे 'सगळी'. वॉरंटी हा करार असतो. बनवताना राहिलेला दोष कंपनी ठरावीक मुदतीत फुकट दुरुस्त करून देते, एवढंच त्यात असतं. तुम्ही बाहेरून लावलेल्या वस्तूची आणि तिच्यामुळं झालेल्या बिघाडाची जबाबदारी कंपनीवर नसते. हे रास्तच आहे. खरं, म्युझिक सिस्टीम बाहेरून बसवली म्हणून स्टिअरिंग रॅकचा क्लेम नाकारायचा असेल, तर त्या दोन गोष्टींचा संबंध काय ते नाकारणाऱ्यानं सांगायला हवं.

"कायदाच तसा आहे" हे तर साफ उलटं आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला, तो सुट्या भागांचा बाजार स्वतःच्या मुठीत ठेवल्याबद्दल. त्यावर पुढं अपिलं झाली, ती कोर्टकचेरी बाजूला ठेवू. त्या आदेशातला एक मुद्दा मात्र आपल्या कामाचा आहे: बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी.

या मेसेजला उत्तर म्हणून एका शहाण्यानं इंग्रजी लेख चिकटवला: कंपनी काहीच नाकारू शकत नाही, 1975 चा कायदा आहे. आहे ना, अमेरिकेत! तो खानापूरच्या काउंटरवर दाखवून उपयोग नाही. आपल्याकडं त्या धर्तीचा वेगळा वॉरंटी कायदा नाही. आपल्या हातात आहे तो करार, म्हणजे गाडीसोबत येणारं वॉरंटी बुकलेट, आणि 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी आणखी कडक असू शकतात. त्या सही करण्याआधी वाचाव्यात.

आता ज्या ठिकाणी वॉरंटी खरंच जाते ते सांगतो, कारण मेसेजवाल्यांना नेमकं तेच माहीत नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला जाणारे लोक धुक्याला वैतागून हेडलाइटला 100/90 वॅटचे बल्ब बसवतात. मूळ बल्ब 60/55 चा. बारा व्होल्टवर दोन बल्ब मिळून दहा अँपिअर ओढायचे, ते आता सतरा ओढतात, आणि वायर तीच. एका मित्राच्या गाडीचा होल्डर मी हातात घेऊन बघितलाय. पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन मेणबत्तीसारखं वितळलं होतं, पिना आत चिकटून बसल्या होत्या. त्यानं वायरिंगचा क्लेम टाकला, तो नाकारला गेला. बरोबरच केलं. तसंच वायर कापून, पिळून, काळी टेप गुंडाळून जोडलेल्या हॉर्न-कॅमेऱ्याचं. मूळ कपलरला (वायरच्या टोकाच्या प्लगला) कपलर जोडून, वायर न कापता काम करणारा इलेक्ट्रिशियन दोनशे रुपये जास्त मागत असेल तर द्या. इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रीमॅप करून (त्याचं सेटिंग बदलून) घेणाऱ्यानं तर इंजिन-टर्बोच्या क्लेमची आशा सोडावी.

सीट कव्हरनं वॉरंटीला काही होत नाही. खरं, सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिथली शिवण फाटून उघडणारं कव्हरच घ्या, नाहीतर फुगा आतच अडकेल. ऑइल बुकलेटमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घाला आणि बिल जपून ठेवा. टायर-बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या-त्या बनवणाऱ्याची वेगळी असते. बुलबारचा, म्हणजे पुढच्या बंपरवर लावायच्या लोखंडी गार्डचा, प्रश्न वॉरंटीचा नाहीच, तो आरटीओचा. 2017 पासून त्यावर बंदी आहे.

राहिलं केए आणि एमएच. वॉरंटी नंबर प्लेटला नसते, चेसिस नंबरला असते. निपाणीच्या माणसानं कोल्हापूरला अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली तरी तीच वॉरंटी. आणि भांडायचंच झालं तर आता तक्रार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे गाडी कोल्हापुरात घेतली असली तरी बेळगावात. दोन वर्षांच्या आत. त्याआधी 1915 ला फोन करा, तिथं मराठीतूनही बोलता येतं.

गेल्या वर्षी मावसभावाच्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर गेला. काउंटरवरच्या पोरानं मागचा कॅमेरा बघितला आणि म्हणाला, "बाहेरचं काम केलाय, क्लेम बसत नाही." भाऊ गप्प. मी म्हटलं, "कॅमेऱ्यामुळं कॉम्प्रेसर कसा गेला, तेवढं जॉब कार्डावर लिहून सही करून द्या की." पोरगा कार्ड घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेला. पंधरा मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, "गाडी ठेवून जावा, उद्या बघतो." तिसऱ्या दिवशी नवा कॉम्प्रेसर बसला, वॉरंटीतच. कॅमेरा अजून तिथंच आहे.