हो, तेच वाजवतात. मग?

आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधल्या एका पोराने एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा 'पॉवर अप' हा अल्बम जेमतेम दोन मिनिटं ऐकला, इयरफोन काढला आणि म्हणाला, "मॅडम, पन्नास वर्षं एकच गाणं वाजवतायत हे." बाकीचे हसले. तेव्हापासून डोकं तापलंय. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये आणखी तापलं, म्हणून घरी येऊन आधी हे लिहायला बसले.

तेच वाजवतात, हो! १९७३ मध्ये सिडनीत माल्कम आणि अँगस यंग या दोघा भावांनी जे सुरू केलं तेच वाजवतात. त्यात लाज कसली? सवाईच्या मांडवात उठून कुणी "परत यमनच का?" असं विचारेल का? विचारलंच तर आजूबाजूचे त्याच्याकडे कसे बघतील?

आमचा कॉलेजचा बँड इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. कसब्यात मन्याच्या वाड्यात, माडीवर प्रॅक्टिस चालायची. मी बेस वाजवायचे, मन्या रिदम गिटार. एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक' हे गाणं बसवत होतो. ई, डी, ए, तीन कॉर्ड, संपलं. ऐकणाऱ्याला वाटतं, तासाभरात येईल. येत नाही. कारण कॉर्ड मारणं सोपं आहे, ती वेळेवर तोडणं अवघड. तारांवर हात टेकवून आवाज तिथल्या तिथे बंद करायचा आणि पुढची कॉर्ड येईपर्यंतची जागा रिकामी ठेवायची. त्या जागेत काहीतरी भरायला हात नुसता शिवशिवत असतो. मन्या कित्येक संध्याकाळी तेवढं एकच घोटत बसला. सोलो घे म्हटलं तर मान हलवायचा.

'रीइन्व्हेंट' हा शब्द तर मला आता ऐकवतही नाही. ऑफिसात तेच, रीलवर तेच. दर दोन वर्षांनी कातडी बदलली नाही तर तुम्ही संपलात म्हणे. ऐंशीच्या दशकात भलेभले रॉकवाले सिंथेसायझर घेऊन बसले, ही माणसं बसली नाहीत. १९८० च्या फेब्रुवारीत गायक बॉन स्कॉट गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम आला, काळ्या कव्हरचा. इतका मोठा घाव बसूनही रस्ता सोडला नाही. याला आळस म्हणायचं?

सगळे अल्बम सारखे जमलेत असं नाही. 'फ्लाय ऑन द वॉल' मीही पुरता ऐकत नाही, आणि शब्दांच्या बाबतीत बऱ्याचदा आनंदच आहे. बरं. पुढे.

माल्कमबद्दल त्या पोराला काहीच माहीत नव्हतं, आणि मला खरा राग त्याचा आलाय. शाळेचा गणवेश घालून स्टेजभर धावणारा अँगस सगळ्यांना माहीत असतो. मागे अँपजवळ उभा राहून रिदम गिटारवर अख्खा बँड हातात धरणारा थोरला भाऊ कुणाला दिसत नाही. जुनी ग्रेच गिटार, तिच्यातले जास्तीचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे) काढून टाकलेले, जाड तारा, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची खरखर, बेताचं. कॉर्डमधला एकेक सूर वेगळा ऐकू यायचा.

मन्यामुळे मला हे कळलं. गुरुवारी दुपारी लाईट जायची, ठाऊकच आहे. एकदा गाण्याच्या मध्येच गेली. अँप बंद, माझा बेस बंद, गाणारा खिडकीत जाऊन उभा राहिला. मन्या वाजवतच राहिला. प्लग असून नसल्यासारख्या त्या गिटारवर नुसता पिकचा खट, मग शांतता, मग खट. आणि ड्रमर काही न बोलता त्याला जाऊन मिळाला. आवाज नव्हता, तरी गाणं जागचं हललं नव्हतं.

माल्कमला स्मृतिभ्रंश झाला. 'ब्लॅक आइस' अल्बमच्या दौऱ्यावर त्याला स्वतःचेच रिफ, म्हणजे गिटारच्या चाली, पुन्हा शिकायला लागायचे. स्वतः बांधलेले, हजारो वेळा वाजवलेले. तरी तो रोज स्टेजवर उभा राहिला. हे लिहितानासुद्धा घशात काहीतरी अडकतं.

१८ नोव्हेंबर २०१७ ला तो गेला. त्यानंतर अँगसने दोघांनी मिळून साठवून ठेवलेल्या जुन्या चाली बाहेर काढल्या आणि १३ नोव्हेंबर २०२० ला 'पॉवर अप' आला. बारा गाणी, आणि बाराही गाण्यांवर नाव अँगस आणि माल्कमचं. रिदम वाजवतो पुतण्या, स्टीव्ही. ऐकू येईना म्हणून दौरा सोडायला लागलेला ब्रायन परत आला, निवृत्त झालेला बेसवाला क्लिफ विल्यम्स परत आला, ड्रमर फिल रड परत आला. भावाच्या चालींवर प्रयोग करायचे होते का त्यांनी? त्यात इलेक्ट्रॉनिक बीट घालायचे होते? 'थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम' एकदा चांगल्या स्पीकरवर लावा. फोनच्या भोंग्यावर नको.

त्या पोराला मी तिथे काही बोलले नाही. चांगला मुलगा आहे, ऐकेल तेव्हा ऐकेल. उद्या त्याला सांगणार आहे की अँगसला सोड, डाव्या-उजव्या बाजूने येणाऱ्या दोन गिटारींपैकी जी मिरवत नाही तिच्यावर कान ठेव.

मन्या आता चाकणला कंपनीत आहे, रिदम अजून तसाच वाजवतो. दिवाळीत बसलो होतो तेव्हा पुन्हा तेच घेतलं. ई, डी, ए.

कमेंटमध्ये "पण मेटॅलिका" सुरू करू नका, आज नाही. तुमच्या कॉलेजच्या बँडमध्ये रिदम कोण वाजवायचं तेवढं सांगा, आणि त्याला टॅग करा.