एकशे चव्वेचाळीसची हौस

खोक्यावर '१४४ हर्ट्झ' इतक्या मोठ्या अक्षरांत छापलं होतं की मला ते मॉनिटरचं नावच वाटलं. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. २७ इंच, फोर-के, दिवाळीच्या सेलमधला. माझा लॅपटॉप २०१५चा. बिजागरी खिळखिळी, कीबोर्डवरचा 'ए' झिजून गेलेला, बाकी तब्येत ठणठणीत. त्याच्या कुशीत एचडीएमआयचं भोक, मॉनिटरच्या पाठीत एचडीएमआयचं भोक. पत्रिका जुळली असं मी धरून चाललो.

केबल लावली, चित्र आलं, घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग माऊस हलवला. बाण सरकेना, तो टुणटुण उड्या मारत निघाला. पावसाळ्यात डबकी चुकवत एकेका विटेवर पाय ठेवणाऱ्या माणसासारखा. सेटिंगमध्ये हर्ट्झची यादी उघडली. तिथे दोनच आकडे: ३० आणि २४. १४४ सोडा, ६०सुद्धा नाही.

केबल स्वस्तातली असणार म्हणून तापकीर गल्ली गाठली. तिथून एचडीएमआयच्या २.१ आवृत्तीची, वेणी घातल्यासारखी विणलेली, बाराशे रुपयांची केबल आणली. जोडली. तीस.

रविवारी भाचा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे आमच्या घरात त्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

"मामा, केबल बिचारी काय करणार? तुझ्या लॅपटॉपला एचडीएमआय १.४ आहे. २००९चं. त्यातून फोर-के तीसच्या वर जात नाही. साठ हवे तर २.० लागतं."

"ते कधी आलं?"

"२०१३ला."

म्हणजे लॅपटॉप करणाऱ्याने मला ताज्या वाटीत शिळी आमटी वाढली होती, आणि मी दहा वर्षं भुरके मारत होतो.

बाबा बँकेतून निवृत्त झालेत. आकडे ऐकले की त्यांचा हात आपोआप पेनकडे जातो. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्यांनी फोर-केचं ३८४० गुणिले २१६० मांडलं. एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके. गुणिले १४४. सेकंदाला ११९ कोटी ४३ लाख आणि वर काही हजार.

"आणि प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, आजोबा," भाच्याने तेल ओतलं.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून लॅपटॉपचं ते भोक नीट न्याहाळलं. "म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडवरून एसटी काढायची म्हणतोयस तू."

तरीही मी यूएसबीचा एक अडॅप्टर आणलाच. हा गडी ग्राफिक्सच्या वाटेला जात नाही. प्रोसेसरकडून चित्र दाबून चेपून घेतो आणि यूएसबीतून पलीकडे ढकलतो. साठ मिळाले! पण एक व्हिडिओ लावला आणि लॅपटॉपचा पंखा असा काही घोंगावायला लागला की आतून बायकोने विचारलं, "अहो, कुकर तुम्ही लावलात का?"

मग रिझोल्यूशन उतरवून पाहिलं. २५६० बाय १४४० केलं तर एचडीएमआयवरच साठ मिळतात, पण अक्षरं मोतीबिंदू झाल्यासारखी. कारण मॉनिटरला तो एकेक ठिपका दीडपट ताणावा लागतो, आणि अर्धा ठिपका कुठल्याच दुकानात मिळत नाही. फुल एचडीला १२० आले. बाण लोण्यासारखा फिरला. पण फुल एचडीच बघायचं तर जुना मॉनिटर माळ्यावर होताच की.

शेवटी फोर-के आणि तीसवर येऊन थांबलो. अडॅप्टर परत केला. केबल ठेवली, दिसायला छान आहे.

परवा सकाळी बाबा त्यावर ई-पेपर वाचत बसले होते. मी विचारलं, "त्रास नाही ना होत? तीसच आहेत."

"छापलेली अक्षरं काय पळतात का कुठे? निधनवार्ता काढ. चष्म्याशिवाय दिसतंय सगळं."

मी पान सरकवलं. चौकटीतले सगळे फोटो एकदम टुणकन उडी मारून वर गेले.