हंपीचा रिकामा गाभारा

विजयनगरच्या राजधानीचे अवशेष असलेली कर्नाटकातली हंपी पाहून आलेल्या माझ्या चुलतभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारले की, तिथले विठ्ठल मंदिर पुन्हा बांधून त्यात मूर्तीची प्रतिष्ठापना का करू नये, आणि बघता बघता सगळ्यांचे त्यावर एकमत झाले. मी विरोध केला, तेव्हा जर्मनीत राहणाऱ्यांना पडक्या भिंतींचे कौतुक परवडते, असे उत्तर मिळाले. ते मला अजून बोचते आहे.

मी राहते त्या हायडेलबर्गचा किल्ला फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला आणि १७६४ मध्ये त्यावर वीज पडली. तो पूर्ववत बांधावा की नाही, यावर १९०० च्या सुमारास मोठा वाद झाला, त्यात गेओर्ग डेहिओ या कलेतिहासकाराने 'जतन करा, पुनर्निर्माण नको' अशी बाजू मांडली आणि पुढे बराचसा किल्ला भग्नच राहू दिला गेला. भावाने दुसऱ्या महायुद्धात कोसळलेल्या ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शेचा दाखला दिला. ते चर्च २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले हे खरे. पण त्याची छायाचित्रे होती आणि ते धड असताना पाहिलेली माणसे हयात होती. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर लुटले गेले, त्याला साडेचार शतके उलटली. विठ्ठल मंदिराच्या आवारातला, पन्नास रुपयांच्या नोटेवरचा दगडी रथ आपण पूर्ण समजतो, पण अलेक्झांडर ग्रीनलॉ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८५६ मध्ये काढलेल्या छायाचित्रात त्यावर विटांचे शिखर आहे. मग कोणते रूप खरे मानून बांधायचे?

मराठी माणसाने तर हा हट्ट मुळीच धरू नये. कृष्णदेवरायाने विठ्ठलाला पंढरपूरहून विजयनगरला नेले आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी त्याला परत आणले, असे वारकरी परंपरा सांगते. ती मानणाऱ्यासाठी हंपीचा तो गाभारा रिकामा आहे, कारण विठोबा घरी पोहोचला आहे. तिथे नवी मूर्ती बसवून भानुदासांची पायपीट आपण का पुसायची? पूजाच हवी असेल, तर हंपीतच विरूपाक्षाच्या म्हणजे शंकराच्या मंदिरात ती आजही रोज होते.

मात्र जतन म्हणजे माणसे हाकलणे, हेही मला मान्य नाही. विरूपाक्षासमोरच्या बाजारात जुन्या मंडपांच्या आधाराने राहणाऱ्या कुटुंबांची घरे आणि दुकाने २०११ मध्ये पाडली गेली. इथे हायडेलबर्गला किल्ल्याखालच्या आल्टश्टाटमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, लोक राहतात, दुकाने चालवतात, आणि त्याने किल्ल्याचे काही बिघडत नाही.

भावाच्या टोमण्याचे उत्तर मी ग्रुपवर दिले नाही, ते इथे देते. समोरच्या टेकडीवरच्या फिलॉसॉफेनवेग या पायवाटेवरून किल्ला पाहताना मला फक्त सुंदर वाटते, दुःख होत नाही, कारण तो जळला तेव्हा माझे काही जळले नव्हते. विठ्ठल मंदिरात मात्र मला रडू आवरले नाही. विठोबाला परत न्यायला कोणी आले होते, आणि मी माझ्या इच्छेने इथे राहिले आहे, हे त्या गाभाऱ्यासमोर फार जाणवले. पारपत्र बदलल्यावरही ते दुःख माझेच राहिले, म्हणून या वादात बोलण्याचा हक्क मी सोडणार नाही.

मे २०२४ च्या पावसात त्याच बाजारातल्या दगडी मंडपाचा काही भाग कोसळला. भाऊ वर्गणीची भाषा करतो आहे. असे मंडप सावरण्यासाठी, पावसाच्या पाण्याचा निचरा करण्यासाठी आणि पाथरवटांच्या मजुरीसाठी वर्गणी गोळा होणार असेल, तर पहिली रक्कम मी पाठवीन. नव्या शिखरासाठी मात्र एक पैसाही देणार नाही.