मोतीबिंदू आणि चौदा गाणी

आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा मिनिटांत उरकलं. त्यानंतरचे नऊ दिवस मात्र माझे डोळे दुखत होते.

डॉक्टरांनी सगळं स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही, थेंब घड्याळ लावून घालायचे. "आणि टीव्ही?" मी विचारलं. "बघू देत की थोडा थोडा," ते म्हणाले. हे शेवटचं वाक्य आत्याच्या हिशेबात धरलंच गेलं नाही. कारण तिच्या आईचं हेच ऑपरेशन साठ वर्षांपूर्वी मिरजेला झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि मान हलवली की नर्स ओरडणार. ऑपरेशन म्हणजे ते. हे काय, दाढ काढून आल्यासारखं चालत घरी यायचं! तेव्हा डॉक्टरांना काही कळत नाही असं ठरवून आत्याने स्वतःची पथ्यं स्वतःच लावली. नवरात्राचे नऊ दिवस डोळे मिटून, वर काळा गॉगल.

"पण मी संन्यास घेतलेला नाही," तिने पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं. "गाण्याचा सिनेमा लाव. ऐकायचं मी बघते, बघायचं तू सांग."

मी घरून काम करतो, म्हणजे घरच्यांच्या मते काही करत नाही. त्यामुळे ही जबाबदारी एकमताने माझ्याकडे आली. त्यातून मी आमच्या घराण्यातला एकमेव बेसूर माणूस. शाळेत प्रार्थनेला मला नुसते ओठ हलवायला सांगितले होते. पार्श्वगायनाची पद्धत मला तेव्हापासून ठाऊक आहे, फक्त मी चुकीच्या बाजूला होतो. आत्या उलट सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' सांगलीत केलं हे ती रिक्षावाल्यालासुद्धा मीटर पडायच्या आत सांगते.

सुरुवात 'कट्यार काळजात घुसली'ने झाली. २०१५ सालचा सिनेमा. मूळ नाटक १९६७ चं, आणि ते आत्याने वसंतराव देशपांडे खाँसाहेबांचं काम करत असताना पाहिलेलं. म्हणजे परीक्षा सिनेमाची होती आणि पेपर मी लिहीत होतो.

"आता काय चाललंय?"

"गातायत."

"ते ऐकू येतंय मला. डोळ्याचं झालंय ऑपरेशन, कानाचं नाही. दिसतंय काय ते सांग."

"सचिन पिळगांवकर बसलाय. हात असा वर नेतोय."

"आणि गातंय कोण?"

"तोच."

"खोटं बोलू नकोस. राहुल देशपांडे आहे हा."

आता यात माझी काय चूक? वसंतरावांची भूमिका, त्यांच्या नातवाचा गळा आणि तोंड तिसऱ्याच माणसाचं. पुढच्या गाण्याला मी आधीच सावध झालो. "शंकर महादेवन बसलाय, आणि गातोयही तोच." "बरं," आत्या म्हणाली, "एक तरी खरं बोललास."

आत्या गाण्याबरोबर गात नाही, गाण्याच्या पुढे गाते. एक ओळ आधी. पडद्यावरचे पंडितजी मागून येऊन तिचा पाठ तपासल्यासारखे गायचे. तान आली की तिचा हात हवेत जायचा आणि समेवर माझ्या मांडीवर यायचा. माझी मांडी त्या दिवशी मध्य लयीत सुजली. 'घेई छंद मकरंद' या नाटकात दोन तऱ्हांनी येतं, एक पंडितजींचं शांत, एक खाँसाहेबांचं झपाट्याचं. दोन्हींना आत्याने "वन्स मोअर" दिला. नाटकाच्या थिएटरात वन्स मोअर घ्यायचा की नाही हे नट ठरवायचा, सिनेमाच्या थिएटरात ओरडून उपयोग नाही. आमच्या हॉलमध्ये मात्र रिमोट माझ्या हातात होता, त्यामुळे दोन्ही गाणी तीन-तीनदा झाली. अडीच तासांच्या वरचा सिनेमा जेवणं धरून साडेपाच तास चालला. संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालायची म्हणतात. का चालायची, ते मला त्या रात्री साडेबाराला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणाने 'संत तुकाराम' लावला. १९३६ चा, प्रभातचा, आणि मुख्य म्हणजे काळा-पांढरा. रंग विचारण्याची सोय नाही. त्यात विष्णुपंत पागनिसांना बघून लोक थिएटरात हात जोडत, त्यामुळे आत्याने निदान मांडी तरी सोडली आणि स्वतःचे हात जोडले. पण 'आधी बीज एकले' सुरू झालं आणि मी माझं तोंड उघडलं. म्हटलं, "आत्या, हा तुकोबांचा अभंग नाही बरं का. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गीत आहे हे. इतकं बेमालूम जमलं, की लोकांना गाथेतलंच वाटतं."

गॉगल माझ्याकडे वळला. गॉगलमागचे डोळे मिटलेले होते, तरी मला ते दिसले.

"मी लहानपणापासून भजनात म्हणते ते."

"म्हणजे तेच. लोकांनी सिनेमातून उचललं."

"लोकांनी नाही, मी म्हणते."

प्रकरण तिथेच मिटवलं. शेवटी वैकुंठाहून गरुड आला. "कसा दिसतोय?" तिने हळूच विचारलं. मी खरं ते सांगितलं, की जरा मोठ्या कोंबड्यासारखा आहे. "तूही तुझे डोळे दाखवून घे एकदा," एवढं बोलून ती गप्प झाली. तुकोबा वर निघाले होते, देहूची माणसं खाली उभी होती, आणि गॉगलच्या खालून एक ओघळ आत्याच्या गालावर आला.

"रडतेस होय?"

"थेंब आहेत," ती म्हणाली.

थेंब घालायला अजून वीस मिनिटं होती.

तिसऱ्या दिवशी मी बंड केलं. गाणी नकोत म्हणून एक रहस्यपट लावला. (नाव सांगत नाही, अजून कुणाला बघायचा असेल.) त्याचे असे हाल झाले की विचारू नका. "आता दार उघडलं." "कुणी?" "दिसत नाही." "तुलाही दिसत नाही?" "कुणालाच दाखवत नाहीत." "मग काय दाखवतायत?" "दाराची मूठ." दर अर्ध्या मिनिटाला थांबवून मी मुठी, सावल्या, बूट, अर्धा जळलेला कागद असा पंचनामा वाचत होतो. चाळिसाव्या मिनिटाला आत्याने निकाल दिला, "खुनी कोण असेल तो असो. बंद कर."

१९६० साली 'कानून' नावाचा हिंदी सिनेमा एकही गाणं नसताना आला, तेव्हा 'सिनेमात गाणी नाहीत' हीच बातमी होती. बरोबरच आहे. आपल्याकडे बिनगाण्याच्या सिनेमाला कारण द्यावं लागतं, गाण्याच्या सिनेमाला लागत नाही.

चौथ्या दिवशी म्हणून मी थेट दुसरं टोक गाठलं. 'हम आपके हैं कौन', १९९४, चौदा गाणी. आणि इथे मला एक चमत्कार दिसला. आत्याला सांगावंच लागेना. उलट तीच मला सांगायला लागली. "सनई आली, म्हणजे लग्न ठरलं." "नुसती बासरी. संध्याकाळ झाली असणार, कुणीतरी एकटं उभं आहे." "ही दोघं अजून बोललेली नाहीत एकमेकांशी. बोलतील दुसऱ्या अंतऱ्यानंतर." सगळं बरोबर. मी डोळे फाडून जे बघत होतो ते ती मिटल्या डोळ्यांनी दोन मिनिटं आधी बघत होती. रहस्यपटात मी तिचे डोळे होतो, इथे नुसता तिकीट फाडणारा.

आणि खरं सांगायचं तर, गाण्याचं वर्णन करायला लागलं की माणूस वेडा ठरतो. करून बघा. "आता काय?" "क्रिकेट चाललंय. गात गात." "अंपायर कोण?" "कुत्रा." "नीट बघून सांग." "कुत्राच आहे, आत्या. टोपी घालून." हे वाक्य मोठ्याने उच्चारल्यावर मला पहिल्यांदाच जाणवलं, की हा सिनेमा मी निदान आठ वेळा पाहिलाय आणि कुत्र्याच्या अंपायरगिरीबद्दल एकदाही शंका काढलेली नाही. बिनगाण्याच्या सिनेमात खून झाल्यावर पोलीस दहा मिनिटं उशिरा आले तरी मी कुरकुरतो. ठेका सुरू झाला की अक्कल चपला काढून बाहेर बसते, आणि तिचं ते बसणं मला मनापासून आवडतं. माझा संसार सत्तावीस वर्षांचा आहे. परवा बायकोला सहज म्हटलं, "छान दिसतेस," तर ती म्हणाली, "काय हवंय?" मागे चाळीस व्हायोलिनं असती तर तिने असं विचारलं नसतं.

गडबड झाली ती 'दीदी तेरा देवर दीवाना'ला.

"साडी कुठली?"

"निळी," मी म्हणालो.

"जांभळी!" स्वयंपाकघरातून आवाज आला. पाठोपाठ आतल्या खोलीतून मुलीचा, "जांभळी, बाबा!" मुलगी हा सिनेमा आला तेव्हा जन्मलेलीही नव्हती. बायको कणीक मळत होती, तिथून टीव्ही दिसत नाही.

"माधुरीची साडी ह्याला निळी दिसते," आत्या कुणालातरी, बहुधा माझ्या दिवंगत वडिलांना, म्हणाली. त्यानंतर माझी रंगांची शिकवणी सुरू झाली. आनंदी, मोरपंखी, अबोली, राणी, डाळिंबी, शेवाळी, गुलबक्षी. माझ्याकडे एकूण सहा रंग होते, त्यात एक 'फिका' होता.

पाचव्या दिवशी मुलीने सूत्रं हाती घेतली. "आत्याआजी, आज आपण एक म्युझिकल ऐकू."

"म्हणजे काय?"

"ज्यात माणसं बोलता बोलता गायला लागतात."

"मग इतके दिवस काय बघत होतो?"

मुलीला उत्तर सुचलं नाही. पोरीची चूक नाही. हॉलिवूडमध्ये ही सिनेमाची वेगळी जात आहे, आपल्याकडे हा सिनेमाचा धर्मच. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ मध्ये आला तो सात गाणी घेऊनच, आणि पुढच्याच वर्षी 'इंद्रसभा' आला त्यात सत्तरच्या आसपास होती. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, म्हणजे थेट नाटकातून आलेलं. इकडे सिनेमा बोलायला लागला तोच मुळी गाण्यासाठी.

तर 'द साउंड ऑफ म्युझिक', १९६५. पहिलंच दृश्य, डोंगर, हिरवळ, ज्यूली अँड्रयूज दोन्ही हात पसरून गातेय. "एकटीच आहे," मी सांगितलं. "तानपुरा?" "नाही." "उघड्यावर, वाऱ्यात, तानपुऱ्याशिवाय," आत्याने नोंद केली. मुलीने माहिती पुरवली, की हे दृश्य हेलिकॉप्टरमधून घेतलं आणि दर वेळी त्याच्या वाऱ्याने ती बाई गवतात आडवी व्हायची. त्यावर आत्याचा ज्यूलीबाईंबद्दलचा आदर एकदम वाढला. "पडून उठून सुरात म्हणजे तयारी आहे."

पुढे कप्तानाच्या सात मुलांना पडद्यांच्या कापडाचे कपडे शिवले जातात तिथे मी पुन्हा अडचणीत आलो.

"गरिबी आहे का?"

"नाही, मोठा बंगला आहे."

"मग पडदे का नेसवले पोरांना?"

"खेळायला. कपडे मळू नयेत म्हणून."

"आणि पडदे मळले तर?"

डो-रे-मीला मात्र ती सरसावून बसली. दोनदा ऐकलं, बोटांवर मोजलं. "सगळे शुद्धच शिकवले. कोमल स्वर केव्हा शिकवते?" मी म्हटलं, सिनेमा संपेपर्यंत नाही. "मग पोरं अर्धवटच राहिली." पण रात्री थेंब घालताना ती तेच गुणगुणत होती, सा-रे-गमध्ये आणि, ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा, दोन्ही निषाद लावून.

मधले दोन दिवस रिपीट कार्यक्रमाचे होते, ते सोडून देतो.

आठव्या दिवशी बायकोने 'सैराट' लावला. मी डोळ्यांनी खुणा करत होतो, नको म्हणून, पण आत्यालाच हवा होता. "व्हायोलिनं किती आहेत रे," ती पहिल्याच गाण्याला म्हणाली. अजय-अतुलने ही गाणी लॉस एंजेलिसला सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केली, हे मी अभिमानाने सांगितलं, जणू भाडं मीच भरलं होतं. २०१६ मध्ये 'झिंगाट'ला लोक थिएटरात खुर्च्या सोडून नाचत होते, आत्या सोफा न सोडता नाचली. गुडघे नाहीत, पण खांदे आहेत. मी विहीर सांगितली, बुलेट सांगितली, ट्रॅक्टर सांगितला, दुपट्ट्याचे रंगसुद्धा पहिल्या फटक्यात बरोबर सांगितले.

मग शेवट आला. ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, तिथे सगळा आवाजच जातो.

"टीव्ही बंद पडला का रे?"

"नाही."

"मग आवाज का नाही? आता काय चाललंय?"

बायको माझ्याकडे बघत होती. लहान मूल दारातून बाहेर पडत होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "संपला."

"गाणं नाही शेवटी?"

"नाही."

तिने पुढे काही विचारलं नाही. त्या रात्री आमच्याकडे कुणीच एक ओळ पुढे गायलं नाही.

दहाव्या दिवशी आत्याने गॉगल काढला, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि "तू किती म्हातारा झालायस" असं म्हणून सांगलीची बस पकडली. घर शांत झालं. मी पुन्हा हेडफोन लावून आवाज न करता मारामाऱ्या बघायला लागलो. फक्त परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूट करायचं राहून गेलं आणि समोरच्या अकरा चौकोनांमधली माणसं एकदम थांबली. मी 'घेई छंद' म्हणत होतो म्हणे. कुठलं ते कुणाला ओळखता आलं नाही.

काल सांगलीहून फोन आला.

"डाव्या डोळ्याची तारीख मिळाली. पुढच्या महिन्याची बारा."

"बरं," मी म्हणालो.

"'पिंजरा' राहिलाय अजून. संध्याबाईंच्या नऊवाऱ्या आहेत सगळ्या. आधी एकदा बघून ठेव, आणि काठ वेगळा, पदर वेगळा सांगायचा. नुसतं 'लाल' म्हणालास तर फोन सुनेकडे दे."