परमाणूला बाजू असतात का?

पदार्थाचे तुकडे करत गेलो तर शेवट येतो का, हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘बौद्धांना अणू आधीच माहीत होता.’ मला हे पटत नाही. बौद्ध विचारवंतांची खरी कमाई अणू सांगण्यात नाही, अणूच्या कल्पनेला खिंडीत गाठण्यात आहे.

आधी तो लाडका हिशोब उरकू. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोश’ या ग्रंथात ७ परमाणूंचा (म्हणजे सगळ्यात लहान कणांचा) १ अणू, ७ अणूंचा १ लोहरज, असं प्रत्येक पायरीला सातपट करत कवडशातला धूलिकण, लीख, ऊ, जव आणि शेवटी बोटाचं पेर येतं. एकूण ११ पायऱ्या, म्हणजे सुमारे १९८ कोटी पट. पेर २ सेंटिमीटरचं धरलं तर परमाणू १० पिकोमीटरचा (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग). हायड्रोजनचा अणू साधारण १०० पिकोमीटरचा. उत्तर जवळ आलं म्हणून हुरळून जाऊ नका. दोन पायऱ्या इकडेतिकडे झाल्या की ४९ पटींचा फरक पडतो, आणि मोजमाप तर कुणी केलंच नव्हतं.

खरा माल वसुबंधूच्याच ‘विंशतिका’ या दुसऱ्या ग्रंथात आहे. वैभाषिक हा बौद्धांचाच एक पंथ म्हणे, परमाणू निरवयव, म्हणजे त्याला भाग नाहीत. वसुबंधू विचारतो: चार दिशांनी, वरून आणि खालून असे सहा परमाणू एकाला चिकटले तर त्याला सहा बाजू झाल्या, मग तो निरवयव कसला? बाजूच नसतील तर सहाही जण एकाच जागी मावतील आणि पिंड कितीही मोठा घ्या, तो परमाणूएवढाच राहील. काश्मीरच्या वैभाषिकांनी पळवाट काढली: परमाणू एकमेकांना शिवत नाहीत, जुळतात ते त्यांचे पुंजके. त्यावरही प्रश्न तयार: पुंजका परमाणूंहून वेगळा नसेल तर जुळलं काय?

आता इलेक्ट्रॉन घ्या. प्रोटॉनच्या हजाराव्या भागापर्यंत तपासूनही त्याला आतली रचना सापडलेली नाही. सिद्धांतात तो बिंदूच. मग दगड बिंदूएवढा का होत नाही? कारण जागा कणाच्या आकारामुळे व्यापली जात नाही. इलेक्ट्रॉन लहान जागेत कोंडला की त्याची गतिज ऊर्जा वाढते, आणि पाउलीच्या नियमाने दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. एवढ्यावर पदार्थ स्थिर राहतो हे डायसन आणि लेनार्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने सिद्ध केलं. म्हणजे वसुबंधूच्या कोंडीतून सुटायला ना बाजू लागतात ना स्पर्श. त्याचा युक्तिवाद गोळीसारख्या अणूला नेमका लागतो, इलेक्ट्रॉनला नाही. तिथून पुढे ‘बाह्य वस्तूच नाही, फक्त विज्ञान (म्हणजे जाणीव) आहे’ या वसुबंधूच्या निष्कर्षापर्यंत जायला भौतिकशास्त्राची साक्ष काढू नये.

मुळात ‘तोडणं’ हीच क्रिया खाली जाताना निकामी होते. प्रोटॉन ज्या तीन कणांचा बनतो त्यांतला एक, म्हणजे क्वार्क, ओढून काढायला गेलात तर अंतर वाढलं तरी ओढ कमी होत नाही, सुमारे १६ टन वजनाएवढी टिकून राहते. ओढण्यात खर्चलेल्या ऊर्जेतून नवी क्वार्क-प्रतिक्वार्क जोडी तयार होते आणि हाती सुटा क्वार्क नव्हे, मेसॉन, म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क मिळून झालेला कण लागतो. बरं, तीन क्वार्कांची वस्तुमानं मिळवली तर प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम १ टक्का भरतो. बाकी सगळी आतली ऊर्जा.

न्यूट्रॉन क्षय पावून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, म्हणून तो आत बसला होता असंही नाही. केंद्रकाएवढ्या जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला काही कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा हवी. मुक्त न्यूट्रॉनमधून तो जास्तीत जास्त ७.८ लाख घेऊन निघतो. तो क्षयाच्या क्षणी निर्माण होतो.

आणि प्लांक लांबी, म्हणजे सिद्धांतातली ती अतिसूक्ष्म लांबी? ती ‘अवकाशाची शेवटची वीट’ असल्याचं छातीठोक सांगणाऱ्यांकडे प्रयोगाचा आधार नाही. सांगता येतं ते एवढंच: आणखी बारीक पाहायला आणखी ऊर्जा एकवटावी लागते, आणि आजच्या सिद्धांतांनुसार त्या पातळीवर एवढी ऊर्जा एकवटली की कृष्णविवर होतं. त्याच्यापुढे ऊर्जा वाढवाल तर कृष्णविवरच मोठं होत जाईल.