हेक्टरी 72 लाखांची निलगिरी: आधी कॅल्क्युलेटर काढा

तो मेसेज पुन्हा फिरतोय. "एका हेक्टरात निलगिरीची 3000 झाडं लावा, ना पाणी ना खत, पाच वर्षांत 72 लाख कमवा." न्यूज पोर्टलांनी छापला, यूट्यूबवाल्यांनी वाचून दाखवला, तोवर मी गप्प होतो. आता आमचे धाकटे मेव्हणे तुरीचं रान मोडून रोपं बुक करायला निघालेत, तेव्हा बोलणं भाग आहे.

72 लाखांचा हिशेब मेसेजमध्येच आहे: झाडामागे 400 किलो लाकूड, किलोला 6 रुपये. 3000 गुणिले 400 म्हणजे 12 लाख किलो. 1200 टन! एका हेक्टरातून, पाच वर्षांत. लिहिणाऱ्याने हा गुणाकार पैशांसाठी केला, वजनासाठी केलाच नाही. निलगिरीच्या लागवडीत ब्राझीलचा हात धरणारे देश फार नाहीत. निवडक क्लोन (एकाच उत्तम झाडापासून केलेली हुबेहूब रोपं), भरपूर पाऊस, मोजून खतं, एवढं करून तिथली सरासरी वर्षाला हेक्टरी साधारण 35 घनमीटर. ओल्या लाकडाचा घनमीटर ढोबळमानाने एक टन धरला तर पाच वर्षांत 175 टन. म्हणजे मेव्हण्यांच्या मुरमाड रानात ब्राझीलच्या जवळजवळ सातपट लाकूड निघणार. आपल्याकडे चांगल्या क्लोनची, नीट निगा राखलेली लागवड वर्षाला 20-25 घनमीटर देते, कोरडवाहू त्याहून कमी. मेसेजमधलाच भाव लावा: सहा ते साडेसात लाख, तेही पाच वर्षांतून एकदा. त्यातून तोड, सोलणी आणि ट्रकभाडं जायचंय.

आता 400 किलोचं एक झाड डोळ्यांसमोर आणा. छातीच्या उंचीवर अडीच फूट घेर, उंची 20 मीटर. हेक्टरात 3000 झाडं बसवली तर एकेकाच्या वाट्याला जागा येते सहा बाय सहा फूट. एवढ्या दाटीत निलगिरी उजेडासाठी सरळ वर धावते, खालच्या फांद्या आपणहून गाळते, आणि खोड बारीकच राहतं. बल्ल्या, म्हणजे बारीक सरळ वासे, हवे असतात तेव्हा निलगिरी मुद्दाम दाट लावतात ती याचसाठी. जाडी हवी तर अंतर द्यावं लागतं, आणि अंतर दिलं की 3000 झाडं मावत नाहीत. दोन्ही एकदम फक्त व्हॉट्सॲपवर मिळतं.

"पाणी लागत नाही." लागतं. तुम्ही देत नाही, ती स्वतः शोधते. बंगळुरूजवळ होसकोटे इथे जलशास्त्रज्ञ इयान काल्डर आणि सहकाऱ्यांनी मोजमाप केलं, ते 1997 साली प्रसिद्ध झालं. खोल मातीत निलगिरीची मुळं वर्षाला सुमारे अडीच मीटर खाली गेली, आणि झाडांनी पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी वापरलं. म्हणजे आधीपासून मातीत साठलेली ओलही ओढून घेतली. दुसरीकडे, जिथे माती जेमतेम तीन मीटर होती, तिथे निलगिरीने स्थानिक पानगळीच्या जंगलाएवढंच पाणी घेतलं. हे कबूल करायला हवं, कारण "निलगिरी विहिरी पिऊन टाकते" हा उलट्या टोकाचा मेसेजही फिरतो, आणि मुळं थेट भूजलाला भिडल्याचा पुरावा त्या अभ्यासात मिळाला नाही. पण त्यातलीच पुढची गोष्ट मेव्हण्यांसाठी आहे: नाचणीच्या शेताच्या तुलनेत निलगिरीचा पाणीवापर साधारण दुप्पट होता. तूर काढून निलगिरी लावली की खाली मुरणारं पाणी कमी होणार. बांधापलीकडच्या शेजाऱ्याला विचारलंय का? कर्नाटकाने 2017 मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातली, ती उगाच नाही.

"एकदा लावा, तीनदा तोडा." हे बऱ्यापैकी खरं आहे. बुंधा राखून कापली की उसाच्या खोडव्यासारखे फुटवे येतात. पण विरळणी करून एक-दोनच फुटवे ठेवावे लागतात, दर तोडीला काही बुंधे मरतात, आणि शेवटी तुरीवर परत यायचं म्हटलं तर उरलेले बुंधे काढायला जेसीबी लागतो. तो खर्च कुठल्या मेसेजात असतो?

मधल्या जागेत आंतरपीक घेता येतं ते पहिलं-दुसरं वर्ष, पुढे सावली आणि मुळांपुढे काही टिकत नाही. "उंची 80 मीटर" ही तर टास्मानियातल्या वेगळ्याच जातीची गोष्ट.

राहिला भाव. 1980च्या दशकात पंजाब, हरियाणा, गुजरातेत शेतकऱ्यांनी अशीच झपाट्याने निलगिरी लावली. सगळ्यांची तोड एकाच सुमारास आली, बाजारात बल्ल्यांचा पूर आला, भाव कोसळले, आणि अनेकांनी झाडं उपटून पुन्हा पिकं घेतली. म्हणून मेसेजमधले 6 रुपये किलो कोण देणार, साल काढलेल्या लाकडाला की सालीसकट, बांधावर की कारखान्याच्या गेटवर, हे आधी विचारा.

आणि रोपं विकणाऱ्याकडून स्टँपपेपरवर लिहून घ्या: पाचव्या वर्षी झाडामागे 400 किलो भरले नाहीत, तर फरकाचे पैसे नर्सरी देईल. तो सही करतो का बघा, मग तूर मोडा.